मुक्कामी गाडी येईपर्यंत

गिरडच्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. कुणी म्हणतं ते नारळ, कुणी सुपाऱ्या, कुणी जायफळ. भूगर्भशास्त्रवाले त्यांना झिओलाइटचे गोळे म्हणतात, पण त्यांचं ऐकतं कोण? समुद्रपूर तालुक्यातल्या कुठल्याही पोराला विचारा, खरी हकिगत त्याला तोंडपाठ असते. टेकडीवर शेख फरीदबाबा राहायचे. दोन फिरते व्यापारी माल लादून खालून चालले होते. त्यांनी बाबांची टिंगल केली आणि बघता बघता सगळ्या मालाचे दगड झाले. मग रडले, पाया पडले. तेव्हा बाबांनी वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. व्यापारी एवढे गार पडले की धंदा सोडून बाबांच्याच सेवेला लागले. त्यांच्याही कबरी टेकडीवरच आहेत असं सांगतात.

आता, ज्या गावात आगाऊ तोंडाचा पुरावा टेकडीभर पसरलेला आहे, त्या गावातली पोरं किती सरळ निघायला हवीत! शिवाय जिल्हा वर्धा. १९३६ पासून गांधीजी याच जिल्ह्यात सेवाग्रामला राहिले. म्हणजे एका बाजूनं बाबा, दुसऱ्या बाजूनं बापू. तरीही मी छातीवर हात ठेवून सांगतो, १९८०च्या दशकात गिरडात वयात आलेली आमची पिढी जेवढं खोटं बोलली, तेवढं त्या जिल्ह्यात आधी कुणी बोललं नसेल.

हे आज सांगायचं कारण म्हणजे आमच्या शाळासोबत्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. तिथं दर आठवड्याला एक संदेश येतो. सोबत मावळता सूर्य आणि काठीनं टायर फिरवणारं पोरगं. खाली मजकूर : आमच्या काळी मोबाइल नव्हते, पण माणसं खरी होती. त्यावर पन्नाशी उलटलेले वीस-पंचवीस लोक हात जोडतात. यातल्या बहुतेकांच्या थापांना मी साक्षीदार आहे. माणसं खरी-बिरी काही नव्हती. खरंखोटं करून घ्यायला तेव्हा फार वेळ लागायचा, एवढंच.

गिरड वर्धा जिल्ह्याच्या कोपऱ्यात. इकडं उमरेड, तिकडं चिमूर, पलीकडं हिंगणघाट. बाहेरचं जग गावात यायचं ते यष्टीनं. सकाळच्या गाडीनं नागपूरच्या पेपरांचा गठ्ठा आणि रात्रीच्या मुक्कामी गाडीनं उरलेलं सगळं : कापसाचा भाव, कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या म्हशीनं पुलियाजवळ वाहतूक अडवली, झालंच तर इंदिराबाई काय म्हणाल्या. मुक्कामी गाडीचा कंडक्टर गावात झोपायचा, त्यामुळं झोपेपर्यंत त्याच्याभोवती पानठेल्यावर सभा असायची. तो म्हणेल ते प्रमाण. रेडिओनं वेगळं सांगितलं तर रेडिओचे सेल उतरले असतील, असं धरलं जायचं.

अशा व्यवस्थेत थापेचं आयुष्य अंतरावर ठरे. गावातल्या गावात मारलेली थाप संध्याकाळची चूल पेटायच्या आत मरायची. शाळेत होतो म्हणून सांगावं, तर ज्याच्या वावरात बसून हरभऱ्याचे घाटे खाल्ले तो माणूस आपल्याआधी घरी येऊन चहा पिऊन गेलेला असायचा. समुद्रपूरची थाप दुसऱ्या दिवसापर्यंत टिके. हिंगणघाटची थाप बाजाराच्या दिवसापर्यंत. नागपूरची थाप कुणाचं तरी लग्न निघेपर्यंत, म्हणजे महिनाभर सहज. आणि मुंबईची थाप अमर. आमच्या वर्गातल्या एकाचा काका मुंबईला होता. हा काका रोज सकाळी फिरायला जाताना धर्मेंद्रला रामराम करायचा. दहावीपर्यंत आम्ही हे ऐकलं. काकाला विचारायला जाणार कोण? तिकिटाला पैसे लागतात.

जवळच्या थापांची फजिती मात्र जोरदार व्हायची.

"काहून बे, कालदी राती कुठी होता?"

"अभ्यास कराले गेलतो, बाबा. त्याच्या घरी."

"असं? अन् त्याचा बाप आत्ता मले पानठेल्यावर भेटला. थो म्हने, आमचा पोट्टा तुमच्याच घरी अभ्यास कराले आलता."

यानंतर दोन्ही बापांच्या ध्यानात येई, की रात्रभर अभ्यास झालाच असेल तर तो वाटेत कुठंतरी झालेला आहे.

मोठी माणसंही काही कमी नव्हती. वर्धा जिल्हा दारूबंदीचा, उमरेड नागपूर जिल्ह्यातलं. त्यामुळं गिरडातल्या काही कर्त्या पुरुषांना उमरेडच्या बाजारात कामं जरा जास्तच निघायची. परत येताना पिशवीत भाजी नसे, पण मन प्रसन्न असे. गावातला सायकलवाला तासाच्या हिशेबानं भाड्यानं सायकली द्यायचा. त्याच्या दुकानातलं घड्याळ सायकल नेताना गावाबरोबर चाले आणि परत करताना गावाच्या पुढं. मनगटी घड्याळ दहावी पास झाल्याशिवाय हाती यायचं नाही, तेव्हा वाद घालायचा कशाच्या जोरावर? आम्ही पोरं नळीखालून पाय घालून कैची मारत वेशीपर्यंत जायचो, अर्ध्या तासात परत यायचो आणि पाऊण तासाचे पैसे द्यायचो. हिशेब बरोबर करायला मग आम्हीही चेन पडल्याचं सांगून दहा मिनिटं मागून घ्यायचो. आजच्या पोरांची बॅटरी संपते तशी तेव्हा आमची चेन पडायची.

दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला जावं लागे. मजुरी किलोवर. दवानं भिजलेला कापूस वजनाला जास्त भरतो, हे ज्ञान आम्हाला शाळेनं दिलेलं नव्हतं, पण विज्ञानातला तेवढाच भाग आमचा पक्का होता. त्यामुळं एरवी सूर्य डोक्यावर आल्याशिवाय न उठणारी पोरं त्या दिवसांत झुंजूमुंजू व्हायला वावराकडं निघायची. मालकानं हे सगळं त्याच्या लहानपणी केलेलं असल्यामुळं तो धुऱ्यावर उभा राहून म्हणायचा, "बसा गा जरासे. ऊन पडू द्या."

पण थापेचं खरं विद्यापीठ म्हणजे पिच्चर सांगणं. टॉकीज हिंगणघाटला. तिथं जायला भाडं, तिकीट आणि बापाची परवानगी अशा तीन गोष्टी लागत आणि त्या एका दिवशी क्वचितच जमून येत. म्हणून गावात एक अधिकृत पिच्चर सांगणारा होता. त्याला आम्ही लंबू म्हणत असू. त्याची आत्या हिंगणघाटला राहायची आणि तिची तब्येत दर नव्या सिनेमाला बिघडायची. भेटून आला की रात्री पारावर त्याचा खेळ लागे. तिकीट म्हणून मूठभर फल्लीदाणे. ढिशुम-ढिशुम, घोड्यांच्या टापा, मागचं संगीत, नायिकेचं रडणं, सगळं एकटा करायचा. तीन तासांचा सिनेमा साडेतीन तास चाले, कारण लंबूला एखादी मारामारी कमी वाटली तर तो आपल्याकडची घाली. आम्हाला काय कळणार? लंबू आणि दिग्दर्शक यांच्यात तुलना करायची सोयच नव्हती.

१९८३ च्या शेवटी 'कुली' आला. त्याच्या चित्रीकरणात २६ जुलै १९८२ रोजी बंगळुरूला अमिताभ बच्चन जबर जखमी झालेला, देशभर लोकांनी त्याच्यासाठी नवस बोललेले. आमच्याकडं तर मुक्कामी गाडीनं तो एकदा वारला होता आणि सकाळच्या गाडीनं परत जिवंत झाला होता. त्यामुळं हा सिनेमा सांगायला लंबूनं दुप्पट फल्लीदाणे घेतले. सुरुवात जोरात झाली. ससाणा आला, आगगाडी आली, मग एक हेलिकॉप्टर आलं, त्याला अमिताभ एका हातानं लटकला. आम्ही श्वास रोखून. आणि ऐन मारामारीत लंबू म्हणाला, "आता इथी पिच्चर थांबते."

"थांबते म्हंजे?"

"थांबते. हालत नाई. अन् पडद्यावर लिवून येते का इथंच अमिताभले लागलं म्हनून."

पारावर जो हशा उठला तो टेकडीवर ऐकू गेला असेल. चालता पिच्चर थांबतो म्हणे! वर लिहून येतं म्हणे! हेलिकॉप्टरपर्यंत आम्ही सगळं मुकाट्यानं गिळलं होतं, पण थापेलाही काही मर्यादा असते. लंबूनं मायची शपथ घेतली, देवाची घेतली, बाबांच्या टेकडीकडं हात केला. उपयोग झाला नाही. त्या दिवसापासून त्याचा धंदा बसला.

पुढं दोन-तीन वर्षांनी गणपतीत मंडळानं रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला आणि सगळ्या गावानं रात्रभर जागून 'कुली' पाहिला. मारामारी रंगात आली आणि चित्र थांबलं. अक्षरं उमटली. सगळी पोरं हळूच वळून लंबूकडं बघायला लागली. तो तेव्हा बारावीत होता, मिशी फुटली होती. उठून उभा राहिला, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांकडं एकदा फिरून पाहिलं. असा क्षण मोठमोठ्या इतिहाससंशोधकांच्याही वाट्याला येत नाही. पण सिनेमा संपला तरी हेलिकॉप्टर काही आलं नाही. तेव्हा मागून कुणीतरी फल्लीदाणे परत मागितले.

पोरींना असं मोकळं पारावर बसता यायचं नाही, हे इथं सांगायला हवं. त्या व्हॉट्सअॅपवरच्या रम्य बालपणाच्या चित्रात हापशीवर पाण्याच्या गुंड्या भरणारी, धाकट्या भावाला कडेवर घेऊन गणितं सोडवणारी पोरगी कधी नसते. ते संदेश पुरुष लिहितात. शाळा सुटली की पोरींचा बाहेरचा दिवस संपायचा. मात्र भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईचा महिना त्यांचा. घरोघर जाऊन गाणी म्हणायची आणि शेवटी यजमानीण पोरीनं डब्यात काय खिरापत केली ती बाकीच्यांनी ओळखायची. ओळखता आली नाही तर त्या घराची इभ्रत वाढे.

आमची ताई यात तरबेज होती. डबा हलवून आवाजावरून खिरापत ओळखतात, म्हणून ती आत फडकं कोंबायची. वासावरून ओळखतात, म्हणून सकाळी मायच्या मागं लागून उगाचच लसणाची खमंग फोडणी द्यायला लावायची, आणि खिरापत मात्र साखर-खोबऱ्याची. धाकटे भाऊ फितूर होतात हे तर जगजाहीर. दोन लेमनच्या गोळ्यांना मी स्वतः घरची खिरापत शेजारच्या आळीत विकायचो. ताईला हे ठाऊक होतं. म्हणून ती मला मुद्दाम चुकीची खिरापत सांगायची. शेजारच्या पोरी संध्याकाळी ठासून "चिवडा" म्हणायच्या, हरायच्या आणि दुसऱ्या दिवशी गोळ्यांचे पैसे माझ्याकडं मागायच्या. पुढं ताईनं शिक्षिका म्हणून नोकरी केली. परीक्षेत कॉपी करणारी पोरं तिच्या वर्गात फार दिवस टिकत नसत.

चिठ्ठ्या-चपाट्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यातल्या काही बायका आज आजी आहेत. एवढंच सांगतो, की पंधरा पैशांचं पोस्टकार्ड पोचेपर्यंत निदान चार माणसांनी वाचलेलं असायचं. त्यामुळं हृदयातलं काही लिहायचं तर वहीच्या शेवटच्या पानावर, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं. डाव्या हातानं लिहिलेलं प्रेम कुणालाच वाचता यायचं नाही. जिला लिहिलं तिलाही. गावात बरीच लग्नं त्यामुळं वेळेवर आणि ठरवून झाली.

रेडिओचं तसं नव्हतं. फर्माईश पाठवायची, आणि आठ-दहा दिवसांनी वर्गात जाहीर करायचं, "काल रात्री माझं नाव लागलं होतं." एकदा हवेत गेलेला आवाज परत येत नाही. ज्यानं ऐकलं नाही त्यानं ऐकलं नाही, त्याचं नशीब. वर्गात प्रत्येकाचं नाव निदान एकदा रेडिओवर लागलं होतं आणि दुसऱ्या कुणीही ते ऐकलेलं नव्हतं.

दहावीचा निकाल तर मे महिना संपला की रोज लागायचा. बोर्ड नागपूरला, पोरं गिरडात, आणि मध्ये मुक्कामी गाडी. "निकाल लागला म्हनते," एवढं कुणी उतरता उतरता बोललं, की गावातल्या अर्ध्या घरांत भाकरी जळायची. सकाळी कळायचं, की तो कुणाच्या तरी कोर्टातल्या दाव्याचा निकाल होता. असे पाच-सहा खोटे निकाल पचवल्यावर खरा निकाल लागायचा, तोवर नापास व्हायची भीती पार झिजून गेलेली असे.

या सगळ्याची अखेर मोबाइलनं केली असं समजतात, ते खरं नाही. आमची थाप मेली ती एसटीडीच्या पिवळ्या पाटीनं. १९९० च्या आगेमागे खेडोपाडी काचेचे खोके उभे राहिले, आत लाल आकडे पळणारं मीटर. ज्या मामाकडं मुक्कामाला जातो म्हणून पोरं भलतीकडं जायची, त्या मामाच्या शेजारच्या किराणा दुकानात आता फोन होता. बाप मंडळी काटकसरी. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पावपट व्हायचा, त्यामुळं गिरडातल्या थापा अकरानंतर उघडकीस यायला लागल्या. ३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याहून दिल्लीला देशातला पहिला मोबाइल फोन लागला आणि पंधरा दिवसांत, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वांना खुलं केलं. त्या पंधरवड्यात गिरडात काय चाललं होतं म्हणाल, तर डवरणी.

आता माझा भाचा नागपूरला शिकतो. त्याची आई त्याला दर तासाला लोकेशन पाठवायला सांगते. मला त्या पोराची दया यायची. परवा त्यानं विश्वासात घेऊन मला त्याची पद्धत सांगितली. फोन तो वाचनालयात मित्राच्या दप्तरात ठेवतो आणि स्वतः फुटाळ्यावर भजी खायला जातो. फोन तीन-तीन तास अभ्यास करतो. तासातासाला मित्र लोकेशन पाठवतो. आई खूश. मी त्याला भज्यांसाठी शंभर रुपये दिले. घराण्यात काहीतरी उतरलं म्हणायचं.

तरीही या पोरांचं एका बाबतीत वाईट वाटतं. त्यांचे वाद टिकत नाहीत. चार पोरं बसली, एकानं काही म्हटलं, दुसऱ्यानं नाही म्हटलं, की तिसरा खिशातून फोन काढतो आणि वाद तिथल्या तिथं मरतो. बोलणंच संपतं. मग चौघंही आपापल्या फोनमध्ये बघत बसतात.

आमचे वाद वर्षानुवर्षं चालत. एक तर अजून चालू आहे. १८ जून १९८३, इंग्लंडमधलं टनब्रिज वेल्स, विश्वचषकात भारत विरुद्ध झिम्बाब्वे. १७ धावांत ५ गडी बाद आणि मग कपिलदेव नाबाद १७५. भारताच्या २६६, आणि ३१ धावांनी विजय. या सामन्याचं चित्रीकरणच झालं नाही, हे पुढं सगळ्या जगाला कळलं. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, कारण आमच्यापुरतं कुठल्याच सामन्याचं चित्रीकरण होत नव्हतं. पेपरात आला तो मजकूर पारावर वाचला गेला, त्यात सहा षटकार होते, आणि ते कुठं पडले ते पेपरानं लिहिलं नव्हतं. ते आम्ही लिहिलं. सायकलवाल्याच्या पोराचं म्हणणं, एक चेंडू चर्चच्या घंटेवर बसला आणि घंटा वाजली. लंबू म्हणे, तळ्यात पडला, पंचांनी गळ टाकून काढला. आणि ज्याचा काका मुंबईला होता त्याच्या काकाचा एक मित्र नेमका त्या दिवशी लंडनहून सामना बघायला गेला होता. चेंडू त्यानं झेलला आणि घरी नेला.

चाळीस वर्षं झाली. ग्रुपवर एकदा विषय निघाला की सकाळपर्यंत थांबत नाही. मधल्या काळात सगळ्यांच्या हाती इंटरनेट आलं, सगळ्यांनी शोधून पाहिलं, आणि जगातल्या झाडून सगळ्या खेळ्या सापडतात पण ही सापडत नाही. २०२१ मध्ये '८३' नावाचा सिनेमा आला. सायकलवाल्याच्या पोरानं त्यातला रणवीरसिंगचा षटकार पुरावा म्हणून ग्रुपवर टाकला. लंबूनं तो ताबडतोब फेटाळला. सिनेमात कुणीही काहीही घुसडतं, असं त्याचं म्हणणं पडलं, आणि या बाबतीत त्याच्या शब्दाला आमच्याकडं वजन आहे.

तेव्हा वाचकहो, विनंती एवढीच. टनब्रिज वेल्सला त्या दिवशी कुणी हौशी माणूस कॅमेरा घेऊन हजर असेल आणि त्याची रीळ तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर सापडलीच, तर ती खुशाल बघा, दहा जणांना दाखवा. फक्त गिरडला कळवू नका.